झेलणारीची जागा

आमच्या घरात कुणाला हाक मारून उठवावं लागत नसे. पहाटे परातीत भाकरी थापण्याचा आवाज सुरू झाला की झोपून राहणं शक्यच नव्हतं. आई उत्तर कर्नाटकी जेवण देणाऱ्या खानावळींना ज्वारीच्या कडक भाकऱ्या पुरवायची. तिच्या हाताखाली गल्लीतल्या बायका असायच्या, आणि बाहेरच्या खोलीत जुन्या धोतराच्या फडक्यावर पापडासारख्या पातळ भाकऱ्यांच्या चळती लागलेल्या असायच्या. त्या चळतींमधून वाट काढत आम्ही दात घासायला जायचो. आम्ही निपाणीकडचे. बेंगळुरूत के. आर. पुरमच्या स्टेशनामागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर राहायचो. गाडी आली की घोषणा करणारी बाई कानडीत, हिंदीत आणि इंग्रजीत तेच ते सांगायची आणि तिच्या आवाजाखालून थाप, थाप, थाप. अप्पा होसकोट्याच्या एका कारखान्यात होते. कंपनीची बस नाक्यावर यायची, ते तिच्यात बसून जायचे, परत यायचे, जेवायचे. घरात बोलण्याचं सगळं काम आईनं स्वतःकडे घेतलं होतं.

आईला गोड बोलता येत नसे असं नाही. खानावळवाल्यांशी फोनवर ती अशी बोले की ऐकणाऱ्याला तिची मुलगी व्हावंसं वाटावं. फोन ठेवला की ते गोड संपायचं. एखाद्या बाईची भाकरी मधे फाटली तर ती उचलून सगळ्यांना दाखवायची आणि विचारायची, “ही गिऱ्हाइकाला द्यायची की पंक्चरवाल्याला?” बाकीच्या बायका हसायच्या, कारण आज पाळी त्यांची नव्हती. मीही हसायचे. माझी पाळी पाहुणे आले की यायची. मी ताटं वाढत असताना आई म्हणायची, “आमच्या वैजीच्या अंगात देवानं ताकद घातली आणि चेहरा घालायचा राहिला.” पाहुणे “छे छे” म्हणायचे आणि माझ्याकडे नीट निरखून बघायचे. ती आमटी, तो तांबड्या मिरच्यांचा रंजका, शेंगदाण्याची चटणी, सगळं मी न सांडता वाढायचे. आज इतक्या वर्षांनी मी आरशात बघते तेव्हा मला वाटतं, आई खोटं बोलली नव्हती. पण खरं बोलायला वेळ कोणती निवडावी, हे तिला चांगलंच कळायचं.

तळ्यामागच्या मैदानावर मंजुनाथ सर मुलींना फ्लॅग फुटबॉल शिकवायचे. नाव ऐकून लोक विचारायचे, गोल कुठं असतो? गोल नसतोच. चेंडू नारळासारखा लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो हातानं फेकायचा. प्रत्येकीच्या कमरेला दोन्ही बाजूंना फडकी लटकवलेली असतात. जिच्याकडे चेंडू आहे तिचं फडकं समोरच्यांनी ओढलं की ती तिथंच थांबली. एक मुलगी मागं उभी राहून चेंडू फेकते, ती क्वार्टरबॅक; आम्ही नुसतं क्यूबी म्हणायचो. ज्या पुढं लांब पळत जाऊन तो झेलतात त्या रिसीव्हर. क्यूबीनं बघायचं, ठरवायचं आणि फेकायचं. रिसीव्हरनं विश्वास ठेवून पळायचं. मी क्यूबी होते. कॉलेजात, घरात, गल्लीत, कुठंही माझ्या ठरवण्यावाचून कुणाचं काही अडत नव्हतं. मैदानावर मात्र सगळ्या जणी माझ्या हाताकडे बघत थांबायच्या. त्या थांबण्याची मला इतकी चटक लागली होती की सुट्टीचा दिवस मला उपासासारखा वाटायचा.

आणि शबाना. ती शिवाजीनगरहून बसनं यायची. तिच्या अब्बांचं दुचाकींच्या सीटा शिवायचं दुकान होतं. तिच्यासारखी पळणारी मुलगी मी नंतरही पाहिली नाही. तिला पळताना बघून वाटायचं, हिला कुणी ढकललेलं नाही, कुणी बोलावलंय. लहानपणी तिचा डावा कान फुटला होता आणि त्या बाजूनं तिला काहीच ऐकू येत नव्हतं. घरच्यांचा दंडक होता की हे बाहेर कुणाला सांगायचं नाही. पुढं लग्नं व्हायची असतात, मुलीचं नाव घेतलं की लोकांना कान आठवायला नको. तिनं फक्त मला सांगितलं, कारण मला सांगणं भाग होतं. पाठमोरी पळत असताना चेंडू कधी सुटला हे तिला कळायला हवं. म्हणून चेंडू माझ्या हातातून सुटला की मी जोरात “हां!” म्हणून ओरडायचे, आणि डावीकडून येणार असेल तर “हां हां!” तिचा उजवा कान ते टिपायचा, ती मान वळवायची आणि चेंडू तिच्या हातात असायचा. बाकीच्यांना वाटायचं माझी ती सवय आहे. सर एकदा म्हणाले होते, “ओरडू नको, मा. समोरच्यांना कळतं.” पण चेंडू पोचत होते, म्हणून त्यांनी तो विषय सोडला.

मंजुनाथ सर कधी शिवी द्यायचे नाहीत, हात उगारायचे नाहीत. खेळ संपला की ते आम्हा सगळ्यांना जमिनीवर ओळीनं बसवायचे आणि उभं राहून एकेकीचं मोजमाप सांगायचे, हसत हसत. “तू पळतेस तेव्हा तुझे पाय जमिनीची माफी मागत असतात.” “तुला देवानं उंची दिलीय, ती तू घरी ठेवून येतेस.” कानडी, हिंदी, इंग्रजी यांची ती त्यांची मिसळ असायची आणि शेवटी “सरी?” असं विचारायचे, म्हणजे पटलं ना? पटलं म्हणावंच लागायचं. एखादी रडली तर ते म्हणायचे, “स्वल्प पाणी पी,” आणि पुढच्या मुलीकडे वळायचे. आईच्या हाताखाली वाढलेली असल्यामुळे मला हे सगळं घरच्यासारखं वाटायचं.

मग इरा आली. मूळची पुण्याची, वडील आयटीत, मधली काही वर्षं अमेरिकेत काढून हे लोक बेंगळुरूला आले होते. तिकडे शाळेत ती हाच खेळ खेळली होती. पहिल्या दिवशी ती गोड हसून म्हणाली, “हाय, तू पण मराठी? थँक गॉड!” आणि मग तिनं चेंडू फेकला. माझा चेंडू पोचायचा, पण हवेत थोडा डुगडुगायचा. तिचा चेंडू भोवऱ्यासारखा स्वतःभोवती फिरत, तारेवरून गेल्यासारखा सरळ गेला. सगळ्या जणी गप्प झाल्या. त्या गप्प होण्यात माझं काय झालं ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. सरांनी तरीही सांगितलं, ओळीत बसवून.

“वैजयंती, तू व्हर्सटाइल आहेस.”

“म्हणजे काय, सर?”

“म्हणजे तुला कुठंही घालता येतं. आजपासून तू रिसीव्हर.” मग ते सगळ्यांकडे वळून, मी तिथं नसल्यासारखं शिकवू लागले. “क्यूबीची रिसीव्हर करताना काय बघायचं? फायदा एकच, चेंडू कुठं येणार ते तिला आधी कळतं. तोटे ऐका. तिचे हात कडक असतात, ती चेंडू छातीवर घेते. ती पळताना मागं बघते, कारण तिला अजून वाटतं की सगळं आपणच ठरवायचंय. आणि चेंडू आपल्याकडे येणार नाही हे माहीत असताना जीव तोडून पळायला तिला लाज वाटते. अमेरिकेतसुद्धा जागा बदललेल्यांपैकी टिकल्या थोड्या, पडल्या जास्त. बघू, ही कशी पडते.” ते हसले. मुली हसल्या. राज्याच्या संघात रिसीव्हरची एकच जागा उरली होती आणि ती शबानाची मानली जात होती. सर म्हणाले, “त्या जागेसाठी आता तुम्ही दोघी. महिनाअखेर चाचणी घेतो. सरी?”

आता कुणी मला कौतुकानं अष्टपैलू म्हणालं की मी आधी दार कुठं आहे ते बघून ठेवते.

मला वाटलं होतं आई चिडेल, मैदानावर येईल, सरांना चार शब्द ऐकवेल. ती भाकरी भाजत होती. सगळं ऐकून म्हणाली, “ती पोर तुझ्यापेक्षा चांगली फेकते काय?”

“हो.”

“मग रडुलालीस कशाला? दुसरी जागा देतो म्हणालाय न्हवं? धर की ती.”

दुसऱ्या दिवसापासून आईनं मला झेलायला शिकवायला घेतलं. तिनं तो चेंडू आयुष्यात हातात धरला नव्हता. स्वयंपाकघरातून काहीही न सांगता ती वस्तू फेकायची. कांदा, लिंबू, बटाटा, एकदा पितळेचं मापटं. मी अभ्यास करत असेन, केस विंचरत असेन, पाठमोरी असेन. जे झेललं ते घरच्या स्वयंपाकात पडायचं आणि माझ्या ताटात यायचं. जे पडलं ते बाकीच्यांच्या ताटात. “पडलं ते पोटात नाही,” हा तिचा कायदा. सुरुवातीला कित्येक दिवस मी नुसत्या भाकरीला रंजका लावून खाल्ला आणि समोर अप्पा बटाट्याची भाजी खाली मान घालून खात राहिले. त्यांनी एकदा आपल्या ताटातली फोड माझ्याकडे सरकवली, तर आई म्हणाली, “तिला लुळी करायची असेल तर भरवा.” फोड परत गेली. मी बटाटा पोटाशी धरला की ती ओरडायची, “पोटाशी काय धरुलालीस गे? लेकरू आहे काय ते? बोटानं धर!” भुकेनं माझ्या बोटांना जे शिकवलं ते सरांना कधी शिकवता आलं नसतं. हे मी आईच्या कौतुकानं लिहीत नाहीये. अजूनही कुणी माझ्या पाठीमागून काही ठेवलं-उचललं तरी मी दचकते.

शबाना आणि मी तरीही बरोबरच सराव करायचो. ती आमच्याकडे आली की आईचा मार तिलाही चुकायचा नाही. मार म्हणजे लिंबू आणि कांदे. शबाना ते हसत हसत झेलायची, आई फेकायच्या आधीच तिचा हात तयार असायचा. आईला तिच्याबद्दल जे वाटायचं ते तिनं माझ्याबद्दल कधी दाखवलं नाही. “ही बघ,” ती म्हणायची, “हिच्या हाताला डोळे आहेत.” एक दिवस शबाना खिडकीकडे तोंड करून बसली होती आणि आईनं डाव्या बाजूनं “हं, घे” म्हणून लिंबू टाकलं. ते शबानाच्या खांद्याला लागून खाली पडलं, तेव्हा कुठं तिनं वळून बघितलं. आईनं लिंबू उचललं. शबाना गेल्यावर मी भांडी घासायला बसले, तेव्हा ती माझ्यामागं येऊन उभी राहिली.

“तिला त्या अंगानं ऐकू येत नाही.”

मी परात जोरात घासू लागले.

“तुला ठाऊक आहे. म्हणूनच ओरडतेस होय. मला वाटलं, येडी आहेस.” तिनं नळ बंद केला. “ती पुण्याची ओरडत नाही न्हवं, फेकताना?”

“नाही.”

“मग झालं की तुझं काम.”

“आई!”

“आई काय? जाऊन कुणाला सांग म्हटलं काय मी? नुसतं तोंड मिटून बस. तेवढं तर येतंय न्हवं तुला?”

मी दुसऱ्याच दिवशी शबानाला म्हटलं, आपण इराला सांगू, ती ओरडेल, ती चांगली मुलगी आहे. शबानानं माझा हात घट्ट धरला. “नक्को. किसीकू नक्को बोल. मैं देख लेती.” तिचं म्हणणं होतं, मान जरा लवकर वळवली की झालं. मी म्हटलं, लवकर वळवलीस तर वेग जातो. ती म्हणाली, “मेरा जाता तोबी तेरे से जास्ती रहता,” आणि ते खरंच होतं.

चाचणीच्या दिवशी सगळ्या मुली कडेला बसल्या होत्या. नियम साधा होता. इरा फेकणार, आम्ही आळीपाळीनं पळत जाऊन झेलणार, सर बघणार. माझी पाळी आधी झाली. मी बोटांनी झेललं, काही सुटले, काही मिळाले. एकदा मागं वळून बघताना वेग गेला आणि चेंडू माझ्यापुढं पडला, तेव्हा सर मोठ्यानं म्हणाले, “बघा, क्यूबी अजून मेली नाही.” मग शबाना. ऐकू येणाऱ्या उजव्या बाजूनंच ती मान वळवायची, त्यामुळे उजवीकडून आलेला प्रत्येक चेंडू तिनं झेलला, जणू तो तिच्याच घरचा. डावीकडून आलेल्यांना मात्र तिची मान उशिरा वळली आणि ते तिच्या खांद्यापलीकडून गेले. शेवटची फेक उरली तेव्हा आम्ही दोघी साधारण सारख्या होतो. तिनं ही घेतली तर जागा तिची, सुटली तर माझी. सरांनी इराला लांब फेकायला सांगितलं. शबाना सुटली. मैदानाच्या डाव्या रेषेलगत ती अशी पळत होती की तिच्यामागं धूळ उडायलाही उशीर होत होता. इराच्या हातातून चेंडू निघाला, नेहमीसारखा बिनआवाजाचा, सुंदर. तो डावीकडून येत होता आणि शबाना उजव्या खांद्यावरून मागं बघत होती.

मी काही ठरवलं नाही. लोकांना असं वाटतं की अशा वेळी माणूस मनाशी काहीतरी झगडतो. माझ्या तोंडातून “हां हां!” निघून गेलं, इतकंच. वर “शब्बूऽ, डावीकडं!” असंही मी ओरडले. तिनं धावता धावता अंग पिळलं, दोन्ही पाय जमिनीवरून सुटले, आणि तो चेंडू तिनं एका हाताच्या बोटांच्या टोकांवर घेतला, छातीशी ओढला, आणि पडून पुन्हा उभी राहिली. असा झेल त्या मैदानावर कुणी घेतला नव्हता. मुली उभ्या राहून ओरडायला लागल्या. इरानं दोन्ही हात डोक्यावर धरले.

सरांनी शिट्टी वाजवली. “कोण ओरडलं?”

“मी, सर.”

“का?”

मी शबानाकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत राहिले, मग मैदानाकडे बघितलं, आणि मला दिसलं की त्यांना आता सगळं एकापाठोपाठ एक आठवतंय, माझं इतक्या दिवसांचं ओरडणं, तिची उशिरा वळणारी मान. ते सावकाश चालत शबानाच्या दिशेनं गेले. ती चेंडू काखेत धरून, धापा टाकत, आमच्याकडे बघून हसत होती. सर तिच्या मागं गेले आणि तिच्या डाव्या कानाजवळ टाळी वाजवली. ती आमच्याकडे बघून हसतच राहिली. त्यांनी आणखी जवळ जाऊन पुन्हा वाजवली. काही नाही. मग ते तिच्या उजव्या बाजूला आले आणि तिथं टाळी वाजवली. ती वळली, सर टाळ्या वाजवताहेत असं बघितलं, आणि लाजून म्हणाली, “थँक यू, सर.”

ते बघितल्यावर एक-दोघी हसल्या. कोण हसल्या ते मला आजही सांगता येईल.

सर तिला तिच्या उजव्या कानाशी, अगदी सभ्यपणे म्हणाले, “लपवलंस तू.” मग आम्हा सगळ्यांना ऐकू जाईल असं, “दुसरीच्या आवाजावर पळणारी रिसीव्हर मला नको. उद्या सामन्यात हिच्यासाठी मी भोंगा आणू का?” इरा पुढं झाली. “सर, मी ओरडेन ना. मला काही प्रॉब्लेम नाहीये, रिअली.” सर म्हणाले, “तू ओरडलीस की समोरच्यांना कळतं. तुझा हात मी एका कानासाठी खराब करणार नाही.” आणि ते माझ्याकडे वळले. “वैजयंती, जागा तुझी. सरी?”

मी “सरी” म्हटलं. तोंडातून तेही असंच निघून गेलं.

बसथांब्यापर्यंत आम्ही दोघी बरोबर चाललो, कारण रस्ता एकच होता. शबाना रडत नव्हती. थांब्यावर ती म्हणाली, “तू कायकू चिल्लाई?”

“चेंडू सुटला असता.”

“सुटता तो सुटता. एक बॉल जाता. अब मेरा कान पूरे ग्राउंडकू मालूम.” तिच्या गल्लीतल्या दोन मुली आमच्यात खेळायला यायच्या. त्यांची बस आधीच गेली होती. तिनं रस्त्याकडे बघितलं. “मैं बोली थी ना, नक्को.” बस आली, ती चढली आणि खिडकीत बसायला जागा असूनही आतल्या बाजूला बसली.

मला अपराधी वाटलं असेल असं वाचणाऱ्याला वाटेल. नाही वाटलं. मला तिचा राग आला. इतका सुंदर झेल मी तिला मिळवून दिला आणि ती माझ्याशी असं बोलली, याचा मला कित्येक महिने राग होता. घरी आले तर आईनं शेंगदाण्याच्या पोळ्या केल्या होत्या, तूप लावून, वेलदोडा घालून. कुणीतरी फोनवर तिला कळवलं होतं. मी झालेलं सगळं सांगितलं. ती पोळी तव्यावर उलटत ऐकत राहिली.

“ओरडायला तुला कुणी सांगितलं होतं?”

“कुणी नाही.”

“बरं. जेव.”

अप्पा म्हणाले, “त्या पोरीला एखादी पोळी पाठवा.” आई म्हणाली, “ती खाईल काय?” अप्पांनी ताट पुढं ओढलं. मी खाल्ल्या. चांगल्या झाल्या होत्या.

राज्याच्या संघाबरोबर मी स्पर्धेला गेले. सरांनी सांगितलेला माझा प्रत्येक दोष त्या स्पर्धेत एकेक करून बाहेर आला. चेंडू माझ्याकडे येणार नसला की माझे पाय आपोआप सैल पडायचे. येणार असला की मी आधीच मागं बघायचे, कारण मनातल्या मनात तो चेंडू मीच फेकत असायचे. शेवटच्या सामन्यात इरानं माझ्यासाठी असा चेंडू टाकला की तो नुसता हातात पडायचा होता. मी वळले, वेग गेला, आणि तो माझ्यापुढं जमिनीवर पडून भलतीकडे उडाला. आम्ही हरलो. इरा धावत आली आणि माझ्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, “इट्स ओके, वैजू. माझाच थ्रो लांब गेला.” तो लांब गेला नव्हता, हे तिला माहीत होतं, मला माहीत होतं, कडेला उभ्या असलेल्या सरांनाही माहीत होतं. सरांचं बोलणं मला कधी लागलं नाही तेवढं ते लागलं. माणूस दयाळू असला की त्याच्याशी भांडताही येत नाही.

पुढच्या शिबिराच्या पहिल्याच सकाळी सरांनी मला बाजूला बोलावलं. ओळीत नाही बसवलं, म्हणजे काय असणार ते मला कळलं.

“तू रिसीव्हर नाहीस, मा. चांगली क्यूबी होतीस.”

“मग मला पुन्हा फेकू द्या, सर.”

“ती जागा इराची.”

“दुसरी क्यूबी लागतेच की. इराला काही झालं तर?”

“दुसरी क्यूबी मला लहान हवी. तिला शिकवता येतं. तुला आधी विसरवावं लागेल.” ते खरोखर विचार करून बोलत होते, एखाद्या यंत्राचा भाग हातात घेऊन बघावा तसे. “तुझ्यात मी उगाच वेळ घातला. पण तेव्हा दुसरं कुणी उरलं नव्हतं. सरी? आलीच आहेस तर नाश्ता करून जा, चित्रान्न आलंय.”

मी तो लिंबूभात खाल्ला नाही. मैदानातून निघाले आणि घरी न जाता शिवाजीनगरची बस धरली. का ते मला तेव्हाही नीट सांगता आलं नसतं. शबाना माझे फोन उचलत नसे. मधल्या काळात तिचा कान गल्लीभर झाला होता आणि एका घरचे लोक तिला बघायला येणार होते ते आले नाहीत, एवढं मला दुसरीकडून कळलं होतं. बाजाराच्या आतल्या गल्लीत, बसच्या भोंग्यांच्या आणि पत्र्याच्या ठोकाठोकीच्या गदारोळात तिच्या अब्बांचं दुकान होतं. ती मशीनवर बसून काळं रेक्झिन शिवत होती. अब्बा एका स्कूटरची सीट खोलत होते. मला बघून तिनं मशीन थांबवलं नाही.

“काय झालं?” तिनं विचारलं. तेवढं मराठी तिला आमच्याकडे येऊन येऊन आलं होतं.

“मला काढलं.”

मशीन थांबलं. “किसने? सर ने?”

“हो. रिसीव्हर नाहीस म्हणाले. आणि क्यूबीची जागा भरलीय.”

ती माझ्याकडे बघत राहिली, आणि मग हसायला लागली. कुत्सित नव्हतं ते. पोटातून, अंगभर, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसली. “अब्बा!” तिनं हाक मारली, “अब्बा, इसकू बी निकाल दिये!” अब्बांनी पाना खाली ठेवला आणि तिला रागावले, “ऐसा नै हसते, बेटा. घर आई सो बच्ची है.” पण तिला हसू आवरेना. तिनं समोरच्या टपरीवर ओरडून गरम समोसे आणि बिनदुधाचा सुलेमानी चहा मागवला. “मेरी तरफ से,” ती म्हणाली. “बैठ. खा.”

स्कूटर नसलेल्या एका सीटवर मी बसले. समोसे कांद्याचे होते, तोंड भाजेल इतके गरम. ती माझ्यासमोर बसून, मी प्रत्येक घास कसा घेते ते बघत होती. असा आनंद माझ्या येण्यानं कुणाला झालेला मी त्याआधी पाहिला नव्हता, आणि मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. सरांनी, आईनं, इरानं मला काय काय दिलं असेल, पण माझ्या पडण्याचा असा धडधडीत हिशेब कुणी मांडला नव्हता. चहा संपत आला तेव्हा ती शांत झाली.

“वो दिन तू नै चिल्लाती तो?” तिनं विचारलं.

“चेंडू सुटला असता. जागा मलाच मिळाली असती.”

“और मैं बाहर.”

“हो.”

“मतलब वहीच होता.” तिनं थोडा विचार केला. हाताला लागलेलं तेल ओढणीला पुसलं. “पर वो बॉल मैं पकडी ना?”

“पकडलीस.”

“एक हात से.”

“एका हातानं.”

“वैसी तू एक बी पकडी? स्टेट में जाको?”

“नाही,” मी म्हणाले.

तिनं मान हलवली. मग वळली, रेक्झिन सुईखाली सरळ केलं, आणि मशीन पुन्हा सुरू केलं.